फुकटचा तास

शाळेत सगळे त्यांना व्याजबाई म्हणत. नाव मुलांनी पाडलं होतं, पण आता ते शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, आणि बाईंनीही त्यावर नाराज व्हायचं सोडून दिलं होतं. वरच्या वर्गांना त्या पैशाचा तास घेत. पगारातून काय काय कापलं जातं, विमा कशाला काढायचा, कर भरून आपल्याला काय मिळतं, हप्त्यांवर घेतलेली वस्तू महाग का पडते, असं सगळं. विषय परीक्षेला नव्हता, त्यामुळे मुलं मोकळेपणाने वाद घालत. प्रयोगशाळेच्या बाजूची ती कोपऱ्यातली खोली, जिची एक खिडकी रंगाने कायमची चिकटून बसली होती, आठवड्यातून दोनदा बाजारासारखी गजबजायची.

बाईंची नेमणूक मात्र कायम नव्हती. या तासासाठी पालिका दरवर्षी अनुदान द्यायची आणि त्यातूनच बाईंचा पगार निघायचा. अंदाजपत्रकाचे दिवस आले की बाईंचा जीव टांगणीला लागे. या वर्षी तो जरा जास्तच लागला. कर्ज देणाऱ्या एका कंपनीने पालिकेला कळवलं होतं की हाच विषय आम्ही सगळ्या शाळांत फुकट शिकवू. शिकवणारा माणूस आमचा, पुस्तिका आमच्या, शिवाय प्रत्येक मुलाला एक दप्तर.

शिक्षण समितीच्या अध्यक्षांचं चष्म्यांचं दुकान होतं. माणूस सरळ. हे सांगायला ते स्वतः शाळेत आले. मैदानाची भिंत कोसळून कितीतरी दिवस झाले होते आणि ती उभारायला पैसे कुठून आणायचे, हा त्यांच्या डोक्याला ताप होता. ते म्हणाले, "बाई, तुमच्या शिकवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण फुकट मिळत असताना पालिकेने पैसे का घालायचे, हे मला लोकांना सांगता आलं पाहिजे."

बाईंकडे उत्तर होतं. पण ते ओठांवर येऊन अडलं. पगार त्यांचाच होता. काहीही बोलल्या असत्या तरी स्वतःच्या पोटासाठी बोलतायत असंच वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "खरं आहे तुमचं," आणि अध्यक्ष गेल्यावर फळा विनाकारण दोनदा पुसला.

बाई आपल्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहत. भाऊ जाऊन काही वर्षं झाली होती. खाली वहिनी आणि भाचा. भाच्याला घरात अजून बारक्या म्हणत, जरी जिन्याखालून जाताना त्याला मान वाकवावी लागायची. त्याला एका कंपनीत नोकरी लागली होती, अजून तात्पुरतीच. घर चालायचं ते या दोघांच्या पगारावर.

अध्यक्ष येऊन गेले त्याच आठवड्यात बारक्या संध्याकाळी एक खोकं छातीशी धरून घरी आला. चेहरा फुललेला. त्याने सांगितलं की साहेबांनी त्याची निवड केली आहे. गावातलाच मुलगा म्हणून आत्याच्याच शाळेत नमुन्याचा तास घ्यायचा आहे, समितीसमोर. तो चांगला झाला तर नोकरी कायम. खोक्यातून त्याने एक पुस्तिका काढून आत्याच्या हातात दिली. मुखपृष्ठावर सायकलवर बसलेली दोन हसरी मुलं होती.

कंपनी तीच होती, कर्ज देणारी. त्याला वाटत होतं की कंपनीचा तास आत्याच्या तासाच्या जोडीला असेल. तो आत्याच्या तासाच्या जागी येणार आहे, हे बाईंनी सांगायच्या आधीच वहिनीच्या ध्यानात आलं. तिने हातातली कढई खाली ठेवली आणि एकदा मुलाकडे, एकदा नणंदेकडे पाहिलं.

"म्हणजे कोणाचंही भलं झालं तरी घरात एक तोंड सुकणारच," ती म्हणाली.

बारक्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी उद्याच साहेबांना नाही म्हणून सांगतो, दुसऱ्या कोणाला तरी पाठवू देत, असं तो म्हणू लागला. बाईंनी ते साफ नाकारलं. दुसरा कोणीतरी आलाच असता. मग आपल्याच घरातल्या पोराची संधी का घालवायची? त्याने जावं आणि चांगलं शिकवावं, असं त्यांनी बजावलं.

थोड्या वेळाने तो वर आला आणि दारातच घुटमळला.

"आत्या, मुलांनी व्याजाचं विचारलं तर?"

"मुलं विचारतातच."

"तू त्यांना जरा..."

"मी त्यांना पढवणार नाही, बारक्या. तुझ्या बाजूने नाही आणि माझ्याही बाजूने नाही."

त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी बोलेना. जेवताना स्वयंपाकघरातला नळ गळतो, यावर तिघं इतकं बोलले की शेवटी वहिनीलाच हसू आलं. पण रोज सकाळी बारक्या आरशासमोर आपला तास पाठ करायचा आणि बाईंना वरच्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू यायचा. कुठे अडखळतो, हेही त्यांना पाठ झालं. एकदा तर त्यांनी जिन्यात येऊन सांगितलं की गरज आणि हौस यांचा मुद्दा आधी घे, म्हणजे मुलांना समजेल. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण हे काय करतोय? पण मुद्दा आधीच घ्यायला हवा होता, त्याला त्या तरी काय करणार?

वर्गात त्यांनी एवढंच सांगितलं की पाहुणे येणार आहेत, ते नीट ऐका, आणि मला जे विचारता तेच त्यांना विचारा.

तासाच्या दिवशी अध्यक्ष आणि दोन सदस्य शेवटच्या बाकावर कसेबसे बसले. गुडघे आत मावेनात म्हणून एका सदस्याने पाय बाहेर काढून ठेवले. व्याजबाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बारक्याने निळी दप्तरं वाटली, पुस्तिका वाटल्या, आणि बोलायला लागला.

चांगलं बोलला. मुद्दाही आधी घेतला. मुलांना हसवलं, फळ्यावर चित्रं काढली, गरज आणि हौस यातला फरक त्यांच्याच तोंडून काढून घेतला. अध्यक्ष मान डोलावत होते. बाईंना भीती वाटत होती आणि त्याच वेळी अभिमानही; याला आपण बोट धरून पहिल्यांदा शाळेत आणलं होतं, हे आठवून डोळे भरून येऊ नयेत म्हणून त्या बाहेर बघत राहिल्या.

मग पुस्तिकेतली सायकल आली. आवडीची वस्तू लांबणीवर टाकू नका, सोप्या हप्त्यांत घ्या, असं तिथे लिहिलेलं होतं. बेकरीवाल्याच्या मुलीने हात वर केला. ती काही वर्गातली हुशार मुलगी नव्हती, पण एकदा शंका आली की सोडायची नाही.

तिने विचारलं, हप्त्यांवर घेतली तर सायकल एकूण कितीला पडते? बारक्याने खरं ते सांगितलं. वर्गात कुजबुज झाली, कारण तेवढ्यात सायकल आणि वर एक चांगली बॅट आली असती. मग तिने विचारलं, पैसे साठवून घेतली तर? तेव्हा स्वस्त पडेल, पण थांबावं लागेल, असं तो म्हणाला. हेही खरंच होतं.

"आणि दुसरं कोणी कमी व्याजाने देत असेल तर आम्ही त्यांच्याकडून घ्यायची का?"

बारक्या थांबला. त्याने पुस्तिकेचं पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. बाईंना ठाऊक होतं की तो आता काहीतरी गोड बोलून पुढे जाऊ शकतो. तो खालीच बघत होता. मग त्याने पुस्तिका मिटली.

"याचं उत्तर मला देता येत नाही. दुसऱ्या कंपन्यांबद्दल बोलायची आम्हाला परवानगी नाही."

"मग आम्ही कोणाला विचारायचं?" मुलगी म्हणाली.

"तुमच्या बाईंना. माझा पगार कंपनी देते, त्यांचा पालिका देते. म्हणजे तुमचेच आईवडील देतात. त्यांना कोणाचीच बाजू घ्यायला लागत नाही."

अध्यक्ष अवघडत बाकावरून उठले आणि बाईंकडे वळून त्यांनी विचारलं की हे प्रश्न मुलीला तुम्ही सांगितले होते का. बाई नाही म्हणायच्या आतच ती मुलगी उभी राहिली. आम्ही बाईंनाही असंच छळतो, तिने सांगितलं, आणि बऱ्याचदा त्यांनाही येत नाही, मग त्या शोधून येतात. मुलं हसली. एक सदस्यही हसले. अध्यक्ष हसले नाहीत, पण जाताना त्यांनी बारक्याचा हात हातात घेऊन दाबला.

शिक्षकांच्या खोलीत येताच बारक्या पहिल्या खुर्चीत बसला. नोकरी गेली, तो म्हणाला. आईला कसं सांगू? बाईंनी त्याला पाणी दिलं. स्वतःचं काय होणार, हा विचार त्या वेळी त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. लपवू नकोस, आत्ताच साहेबांना फोन कर, एवढंच त्यांनी सांगितलं. त्याने समोरच फोन लावला आणि झालं ते शब्दाला शब्द सांगून टाकलं. मग साहेब बोलू लागले. बाईंना ऐकू येत नव्हतं. त्या फक्त बारक्याचा चेहरा वाचत होत्या. आधी कपाळावर आठ्या, मग भुवया वर, मग तो खुर्चीत असा मागे रेलला की खुर्ची पडता पडता राहिली.

फोन ठेवून त्याने आत्याला सगळं सांगितलं. साहेब चिडले होते. पण नियम कंपनीचाच होता आणि तो त्याने पाळला होता, त्यामुळे त्यांना बोट कुठे ठेवावं ते कळेना. शेवटी ते म्हणाले होते की तुला विकता येत नाही हे मला आधीपासून दिसतंय, यापुढे शाळांत तुला पाठवणार नाही. हिशेब विभागात एक जागा आहे, तिथे बस.

"तात्पुरती?" बाईंनी विचारलं.

"कायम," बारक्या म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो रडतोय की हसतोय ते बाईंना कळेना. बहुतेक दोन्ही. त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला, शाळेतल्या शिक्षकांसमोर, आणि त्यानेही फिरवू दिला.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. ती सगळ्यांना खुली असते, म्हणून बाई जाऊन मागच्या रांगेत बसल्या. रस्त्यांचा विषय लांबला, मग गटारांचा लांबला. शिक्षणाचा विषय आला तेव्हा निम्मे लोक चहाला बाहेर गेले होते.

अध्यक्ष उभे राहिले. त्यांना भाषण करता येत नसे. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं ते बोलले. कंपनी फुकट देतेय ते चांगलंच आहे, त्यांनी हवं तर यावं, पुस्तिका द्याव्यात. "पण मुलांचा एक प्रश्न असा निघाला की त्याचं उत्तर त्या माणसाला द्यायची सोय नव्हती. पोरगा प्रामाणिक होता म्हणून त्याने सांगितलं तरी. ज्याला उत्तर द्यायची मोकळीक आहे असं माणूस शाळेत हवं, आणि त्यासाठी पालिकेने पैसे घालायचे, असं मी लोकांना सांगणार आहे. सांगता येईल मला."

भिंतीचं काम त्यामुळे पुढच्या वर्षावर गेलं, आणि एका सदस्याने त्याबद्दल अध्यक्षांना चांगलंच सुनावलं. अध्यक्षांनी ते ऐकून घेतलं. मग हात वर झाले. अनुदान मंजूर, आणि तेही एका वर्षाचं नाही, पुढच्या तीन वर्षांचं. दरवर्षीची टांगती तलवार नको, असं कोणीतरी पुटपुटलं आणि लगेच पुढचा विषय सुरू झाला.

बाईंना उठताच येईना. शेजारचा माणूस बाहेर जायला वाट मागत होता आणि त्या आपल्या बसूनच. मग त्या जिना उतरून खाली आल्या, कठड्याला टेकल्या आणि त्यांनी घरी फोन केला. वहिनीने पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे फोन हातातच धरून बसली असणार. झालं, एवढंच बाई म्हणाल्या. पलीकडे वहिनीने इतक्या मोठ्याने हुश्श केलं की बाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला. मग ती म्हणाली, "आता आधी घरी या. मला कोणालातरी मिठी मारायचीय, आणि बारक्या अजून कामावरून आला नाही."

बाई चालत निघाल्या. दुकानांचे दिवे लागत होते, रस्त्यावर नेहमीचीच गर्दी होती, आणि त्यांना आपल्या खांद्यांवरून कोणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखं वाटत होतं. चौकात अध्यक्षांनी आपल्या दुकानाच्या दारातून हात केला. बाईंनीही केला, आणि आभार मानायला थांबावं की नाही हे ठरेपर्यंत पाय पुढे गेलेसुद्धा.

घरी वहिनीने दार उघडलं आणि खरोखरच मिठी मारली. थोड्या वेळाने बारक्या आला, जिन्याशी मान वाकवायला विसरला आणि डोकं आपटून घेतलं. कपाळ चोळत तो विचारत राहिला, काय झालं, काय झालं, आणि त्या दोघी हसण्याच्या नादात त्याला सांगेचनात.