बारीक होत गेलेला कॉरिडॉर

सोमवारी प्रयोगशाळेचा कॉरिडॉर बारीक झाला. शर्वरीच्या खोलीपासून उन्मेषच्या भट्टीघरापर्यंत तो सरळ जात असे. आता तो ठिकठिकाणी फुगला होता आणि दोन फुगवट्यांच्या मध्ये चिमटला होता. जगदाळेमामा चहाचा ट्रे डोक्यावर धरून आडवे आडवे आले.

"मॅडम, पोट आत घिऊन जावा. सकाळधरनं असंच हाय," असं म्हणून कप ठेवून ते गेले.

शर्वरीला नवल वाटलं नाही, संशय मात्र आला. तिचा सगळा अभ्यास चांदीच्या तारांचा, त्याही केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक. अशी तार तुटायला वितळावी लागत नाही. पुरेशी ऊब मिळाली की तिच्या अंगावरचे अणू बारीक जागेकडून जाड जागेकडे सरकतात आणि तारेचे सुटे मणी होतात. मग या मण्यातून त्या मण्यात काही जात नाही. म्हणजे कॉरिडॉरलाही कुणीतरी ऊब देत होतं, आणि संस्थेतली एकुलती एक भट्टी तिच्या नवऱ्याच्या ताब्यात होती.

बरं, नवऱ्याची लक्षणंही धड नव्हती. लग्नापासून दोघं दुपारी एका डब्यात जेवत आले, आणि अलीकडे याला म्हणे भूक नसते. कॉरिडॉर तुटला की उन्मेष पलीकडच्या मण्यात राहणार. त्याला तेच हवं असेल तर?

पोट आत घेऊन ती भट्टीघरात गेली.

"चालू आहे?"

"बंद आहे. हात लावून बघ."

भट्टी पाट्यासारखी गार होती.

"मग तुझा हात का गरम?"

"तू धरलायस म्हणून."

"उत्तर तयारच होतं तुझं. आणि जेवत का नाहीस?"

"पित्त झालंय गं. दुसरं काही नाही."

पित्तावर कोण विश्वास ठेवणार? शर्वरीने आपल्या दारात खुर्ची टाकली आणि त्याच्यावर नजर ठेवली. ती बघायची तिथे भिंत आत यायची. ती पाणी प्यायला उठली की भिंत थांबायची. हे तिच्या लक्षात आलं, पण तिने तेही त्याच्याच खात्यावर मांडलं: मी बघत असतानाच हा मुद्दाम तापवतो, मला हिणवायला.

बुधवारी मामा आलेच नाहीत. चहा एकटाच घरंगळत आला. कपाला कान उरला नव्हता.

चिमटलेला भाग आता ताटाएवढा होता. त्यातून उन्मेषचा आवाज आला, "शर्वरी, बघणं थांबव."

"का? काय लपवायचंय?"

"सूक्ष्मदर्शकाखाली तार फार वेळ ठेवली की पोरांवर कोण ओरडतं? बघायला जो झोत सोडतो, त्यानंच ती तापते म्हणून?"

"पोरांचं वेगळं."

"तोंड भिंतीकडे कर. मी सरपटत येतो."

तिला तो इकडे हवा होता. एवढ्या एकाच गोष्टीबद्दल तिला कधी संशय आला नव्हता. ती रडवेली झाली आणि भिंतीकडे वळली. मागे गिलावा सैल होत गेल्याचा आवाज आला. मग शर्टाची बटणं फरशीवर घासू लागली.

घासणं थांबलं.

"उन्मेष?"

"येतोय."

आवाज मघापेक्षा लांबून आला, असं तिला वाटलं. मागे कुणीतरी हळूच बोललं, असंही वाटलं.

"खरंच येतोयस?"

शर्वरी वळली.

तो हातभर अंतरावर होता. एक खांदा बाहेर आला होता, धापा टाकत तो दुसरा सोडवत होता, आणि त्याने स्वतःचे डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिला नजर काढता येईना. त्याच्या छातीभोवती भिंत गोल होऊ लागली.