कापसातला खळगा

कापसाचा भाव पडला की बोरी अरब गावाकडे कापूस घरात राहायचा आणि माणसं पडवीत. भाव काही वाढायचा नाही, अंगाला खाज मात्र सुटायची. त्या वर्षी सत्यभामाच्या माजघरात आढ्याला टेकेल एवढा ढीग होता आणि तिची बारा वर्षांची दीपा त्यावर चढून झोपायची. आईने ओरडून घसा बसवून घेतला, पण पोरगी खाली उतरेल तर शपथ!

डिसेंबरात तीन दिवसांच्या तापाने दीपा गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. ढिगावर तिचा खळगा तेवढा राहिला, डोक्याचा, कुशीचा, मुडपलेल्या गुडघ्यांचा.

कापूस कितीही दाबा, चार दिवसांत फुगून वर येतो. हा खळगा महिना झाला तरी बुजेना. सत्यभामा रोज दुपारी शिडी चढून त्यात हात घालायची. तो कोमट लागायचा. नवरा चोरून इथे येऊन पडत असणार, हे तिने ओळखलं. चारचौघांत टिपूस न काढणारा उकंडा! तिला त्याची फार दया यायची, म्हणून ती बोलली नाही.

मग एके दुपारी उकंडाने व्यापाऱ्याची गाडीच आणली. मजूर आत शिरायला लागले, तशी सत्यभामा दारात आडवी झाली.

"कापूस नाही न्यायचा. माह्या लेकराची एवढीच जागा राह्यली."

उकंडाने मजुरांना अंगणात बसवलं आणि आवाज दाबून म्हणाला, "तुह्यासाठीच तं विकून राह्यलो. रोज तिथं जाऊन झोपतं तू. अशानं येडी होशील."

"मी? मी कधी झोपली तिथं? तुम्हीच झोपता न!"

"पोरगी गेल्यापासून मी त्या खोलीत पाय नाही ठेवला. हिंमतच नाही होत मले."

दोघंही भूतबित मानणारी नव्हती. सत्यभामाने शिडी धरली, उकंडा वर चढला. त्याने खळग्यात हात घातला. कोमटच होता. त्याच्यादेखत गुडघ्यांकडचा कापूस जरासा हलला, झोपेत कूस बदलावी तसा.

उकंडा खाली उतरला तेव्हा त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्याने अंगणात जाऊन गाडी परत न्यायला सांगितली.

"काहून भाऊ?" एक मजूर मोठ्याने म्हणाला.

"हळू बोल बाप्पा," उकंडा म्हणाला, "पोरगी झोपली हाय."