मंजुळाबाईच्या कमरेवरचा पंप

मित्रांनो, मी एक जुना धूळ मोजणारा पंप आहे. विटेएवढा लोखंडी डबा आणि त्यातून निघालेली रबरी नळी, एवढेच माझे रूप. कामगाराच्या कमरेला मला बांधतात आणि नळीचे तोंड त्याच्या गळ्याशी अडकवतात. त्या तोंडात आधी तोललेला पांढरा कागद असतो. कामगार जी हवा ओढतो तीच मी ओढतो आणि तिच्यातली धूळ कागदावर पकडतो. कागद पुन्हा तोलला की खरे काय ते कळते. म्हणून मी पुष्कळांच्या डोळ्यांत सलतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.

सत्त्याऐंशी साली हवा तपासणारे शालिग्रामसाहेब मला पारोळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये घेऊन गेले. तिथे कपाशीतून सरकी काढत. आत शिरताच धुळीने माझ्या थोबाडीत मारली. मंजुळाबाई मशिनीत कपाशी टाकत होती. सुट्टीनंतर कामावर आली की तिची छाती कोणी दोरीने आवळावी तशी आवळायची. कागदावर धूळ जास्त भरली तर शेटला धूळ ओढणारा पंखा बसवावाच लागणार होता. तिचा श्वास त्या कागदावर टांगला होता!

त्या दिवशी नव्या हंगामाची मशीनपूजा होती. बाईने मलाही सोडले नाही. कमरेला बांधताच तिने नळीच्या तोंडावर कुंकू लावले, वर धूपही दाखवला. साहेबांनी कपाळावर हात मारला, कारण कुंकवाचेही वजन होते. कागद फुकट गेला. तिची माया मला कळत होती, पण संताप आवरेना.

पुढच्या खेपेला मुकादम छगन सावध होता. धूळ कमी भरावी म्हणून त्याने जमिनीवर पाणी मारले, दारे सताड उघडली. साहेब शेटकडे चहाला जाताच तो मंजुळाबाईवर खेकसला, "गेटवर बस! डबा आत नही पाहिजे."

"मी आठेच काम करस," ती मशिनीपुढच्या जागेकडे बोट दाखवत म्हणाली. "मंग आठलीच हवा मोजाले पाहिजे."

ती मशिनीपाशी उभी राहिली. छगनने तिच्या झिंज्या धरल्या आणि तिला खाली आपटले. मग लोखंडी पहार उचलून माझ्यावर घातली. माझा पत्रा चेपला, नळी तुटली. बाईने नळीचे तोंड मुठीत घट्ट धरले. त्याने त्या मुठीवर बूट आदळला, पुन्हा आदळला. हाडे मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला हात असते तर मी त्याचा गळा दाबला असता. मूठ उघडली नाही. साहेब धावत आले तेव्हा तिने ती आपणहून उघडली. कागद रक्ताने भिजला होता.

"बाई, हा चालणार नाही," साहेब कसेबसे म्हणाले. "रक्ताचेही वजन होते."

ती ओक्साबोक्शी रडली. हात मोडला तेव्हा ती रडली नव्हती.

साहेबांनी माझी नळी बदलली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. छगन पहार घेऊन दारातच उभा होता. तेवढ्यात शेजारच्या मशिनीवरची भिकुबाई पुढे आली. "आते माले बांध, साहेब." तिच्या मागे कमलबाई, तिच्या मागे पार्वताबाई. जिनिंगमधल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच, बाया कंबर कसून उभ्या राहिल्या. भिकुबाई छगनला म्हणाली, "बठ्ठ्यासले मारशी का?"

छगनने पहार खाली ठेवली. मी दिवसभर भिकुबाईच्या कमरेवर घरघरत राहिलो. संध्याकाळी कागद मळकट करडा निघाला, आणि त्यावर धुळीशिवाय काही नव्हते.

पुढच्या हंगामात पंखा बसला. तो नेमका मंजुळाबाईच्या मशिनीवर बसला. पण तिची बोटे वाकडी जुळली होती. कपाशी उचलता येईना म्हणून शेटने तिला कामावर घेतले नाही. पंखा सुरू झाला त्या दिवशी ती गेटबाहेर उभी राहून त्याचा आवाज ऐकत होती. अधूनमधून खोकत होती.

आता मी कपाटात गंजत पडलो आहे. माझा चेपलेला पत्रा कुणी सरळ केला नाही, ते बरेच झाले. मित्रांनो, मला कुंकू लावू नका, हारही घालू नका. मी पकडलेली धूळ तेवढी बघा, आणि बाईचा हात मोडायच्या आधी बघा.