दा कापो, हरकतींशिवाय

रेजिनाने मला एकच अट घातली होती. शेवटचं गाणं होईपर्यंत तिच्या आजाराचं कुणाला कळता कामा नये. तिला विसरायला होतंय आणि ते वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही मस्कत सोडून वसईला परतायचं ठरवलं होतं. निरोपाचा कार्यक्रम मस्कतच्या गाला भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये होता. "मला कुणाची कीव नको, कॉनराड," ती म्हणाली. "एकदा नीट गाऊ दे. मग सांग साऱ्या जगाला."

गाणंही तिनेच निवडलं. दा कापो आरिया, म्हणजे पहिला भाग गायचा, मग दुसरा, आणि मग फिरून पुन्हा पहिला. मी कपाळावर हात मारला. विसरणाऱ्या बाईने निवडायचं तर हेच? पण रेजिनाने एकदा मनावर घेतलं की माझं काही चालत नाही.

या प्रकाराची एक रीत आहे. पहिला भाग दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो साधा गायचा नसतो, हरकती घेऊन सजवायचा असतो. मी कीबोर्डवर साथीला, तीही जुन्या पद्धतीची, बॅसो कंटिन्यूओ. कागदावर फक्त खालचे सूर आणि त्यांचे आकडे, वरचं सगळं उजव्या हाताने आपल्या मनाने भरायचं आणि गायिकेच्या मागोमाग जायचं. रेजिनाच्या मागोमाग जाण्यात माझा जन्म गेलाय, त्यामुळे ते जड नव्हतं.

बौशर भागातल्या आमच्या घरी तालीम चालायची तेव्हा माझे कान त्या हरकतींकडे लागलेले असायचे. त्या आल्या की समजायचं, हा भाग आपण मघाशी गायलोय हे तिला आठवतंय. रोज आल्या. रोज मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पहिला भाग तिने सुरेख गायला, दुसराही. मग आम्ही परत पहिल्यावर आलो. पहिली ओळ तिने साधी गायली. दुसरीही साधीच. तिच्या लेखी गाणं आत्ता कुठे सुरू झालं होतं.

तिच्या हरकती मला पाठ होत्या. त्या मी उजव्या हाताने वाजवत गेलो. लोकांना वाटलं असेल, असंच बसवलंय. शेवट आला तशी मी लय उतरवली, सूर लांबवला, आणि ती दुसऱ्या भागासाठी श्वास घेत होती तेवढ्यात उठून तिचा हात धरला. टाळ्या झाल्या.

रेजिना भडकली. आमच्या कॉयरची लीडर ब्रेंडा इतका वेळ बाहेर चहाचं बघत होती. टाळ्या ऐकून ती आत आली, तर रेजिनाने तिलाच गाठलं. "बघ ना ब्रेंडा, ह्याने अर्ध्यातच सोडलं. दुसऱ्या भागापर्यंत जाऊच दिलं नाही मला."

गाणं झालं होतं. आता मी सांगू शकत होतो. पण रेजिनाचं गाणं अजून व्हायचं होतं.

"माझंच चुकलं," मी म्हणालो. "पुढचं विसरलो."

ब्रेंडाने मला बाजूला घेतलं. "अंकल, रागावू नका हां. पण वसईला गेल्यावर एकदा चेकअप करून घ्या. माझ्या पप्पांचंपण असंच स्टार्ट झालेलं."

"घेतो," मी म्हणालो.

गाडीत बसेपर्यंत रेजिनाचा राग उतरला होता. मला रडू आवरेना, म्हणून मी गाडी सुरूच केली नाही. तिने माझा हात हातात घेतला आणि थोपटला.

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "तू विसरत जाशील ते मी लक्षात ठेवीन."