सात नंबरची रेघ

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सात नंबरच्या खाटेचे ठोके मिनिटाला चौतीसवर आले. तीन दिवसांत ते सत्तरच्या खाली गेले नव्हते.

तृप्ती सिस्टरने पडद्यावरचं नाव वाचलं. खंडेराव, वय बासष्ट, चांदवड. उद्या त्यांना घरी सोडायचं होतं. डॉक्टरांना फोन करून ती ट्रॉली ढकलत धावली.

साल २००६. नाशिकच्या त्या दवाखान्यात ही यंत्रणा येऊन आठच महिने झाले होते. पेशंटच्या गळ्यात डबी, डबीच्या तारा छातीवरच्या पाच चिकटपट्ट्यांना, आणि तिथून पुढे तारेवाचून त्याचं हृदय थेट सिस्टरच्या टेबलावर. त्याआधी सोळा वर्षं तृप्तीने मनगट धरून नाड्या मोजल्या होत्या. आता ती प्रत्येकाला एकच बजावायची, "डबी एक मिनिटही बंद पडता कामा नये."

खाट रिकामी होती. तेवढ्यात बाथरूमचं दार उघडून खंडेराव बाहेर आले. ओले केस, खांद्यावर टॉवेल, कपाळाला पिवळाजर्द भंडारा.

"आबा! डबी कुठंय?"

"हिच्याकडं." त्यांनी स्टुलावर बसलेल्या बायकोकडे बोट केलं. "रविवार हाय. अंघोळीबिगर खंडोबाचा भंडारा कसा लावू? तुमीच बोलल्या ना, बंद नाय पडली पायजे. म्हनून हिला लावली."

लंकाबाईने पदर जरा बाजूला केला. गळ्यात डबी होती. "नीट लावली ना वो, शिस्टर? त्येंच्यावानीच पाच ठिकानी चिकटवलं."

तृप्तीला हसू येणार होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि थिजलं. तिने लंकाबाईचं मनगट धरलं. अर्ध्या मिनिटात सतरा ठोके. मशीन बिघडलं नव्हतं.

"मावशी, चक्कर येते का?"

"येती की. कांदं काढाया वाकलं का डोळ्यापुढं अंधारी. घडीभर बसलं का जाती."

"कधीपासून?"

"दोन वरीस झालं आसंल."

"मला नाय बोलली कधी," खंडेराव म्हणाले.

"बोलून काय, तुमी कांदं काढनार व्हता?" ती हसली. हसता हसताच तिची मान कलली आणि ती स्टुलावरून घसरली. तृप्तीने तिला अधांतरी झेललं.

डॉक्टर आले. मशीनमधून निघालेली ठोक्यांच्या आलेखाची पट्टी पाहून त्यांनी दोनच शब्द उच्चारले, "पेसमेकर. लगेच." लंकाबाईला दुसऱ्या मशीनच्या तारा जोडल्या आणि स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरकडे गेलं. सगळं मिळून नऊ मिनिटं. खंडेराव टॉवेल घट्ट धरून उभेच होते.

सोळा वर्षांत पेशंटच्या उशाशी बसलेल्या एकाही बाईचं मनगट आपण धरलं नाही, हे तृप्तीच्या ध्यानात आलं.

तिने डबी पुसून खंडेरावांपुढे धरली. "आबा, शर्ट काढा. लावू द्या."

त्यांनी डबी हातात घेतली, तारा गुंडाळल्या आणि मुठीत ठेवली.

"ऱ्हाऊ द्या. ती आली का तिलाच लावा."

सिस्टरच्या टेबलावर सात नंबरची रेघ सपाट झाली होती आणि घंटा वाजत होती. पडद्यावर नाव अजून खंडेरावांचंच होतं. तृप्तीने तिथे जाऊन घंटेचा आवाज बंद केला आणि परत येऊन खंडेरावांच्या शेजारी बसून त्यांचं मनगट धरलं. ब्याऐंशी.

दुपारी दोनला तिची ड्यूटी संपली, तेव्हा ऑपरेशन चालू असल्याचा थिएटरच्या दारावरचा लाल दिवा अजून विझला नव्हता.