चिखलात घडलेला कोळपा

मी एक जुना कोळपा आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. लांब दांडा, त्याच्या टोकाला दातेरी चाकं आणि चाकांपुढं होडीसारखा छोटा पत्रा, असं माझं रूप. भाताच्या दोन ओळींमधून मला पुढं-मागं ढकललं, की मी तण उपटून चिखलात गाडतो.

माझा जन्म लांबच्या सपाट मुलखातल्या कारखान्यात झाला. तिथल्या शेतात मी असा पळायचो, की येणारे-जाणारे बांधावर थांबून बघत. कोल्हापूरच्या एका संस्थेनं मला विकत घेतलं आणि तिथं काम करणाऱ्या पूर्णिमानं मला राधानगरीच्या डोंगरातल्या एका वाडीत, तानूबाईच्या शेतावर आणलं.

वाकून भांगलण करता करता, म्हणजे हातानं तण काढता काढता, तानूबाईची कंबर धरली होती. म्हणून कोळपा चालवता यावा यासाठी त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच भात ओळीत लावलं होतं. तिचा नवरा दादासो तणनाशक मारू म्हणत होता. पण तिच्या खाचरात खेकडे मिळत, बांधावर रानभाजी उगवे. तिथं औषध मारायला तिचं मन घेईना. शेवटी दादासो म्हणाला, "बरं, येत्या बाजारापतोर तुझं यंत्र चालीव. तण गेलं न्हाय, तर मी फवारनार."

मी मोठ्या ऐटीत खाचरात उतरलो आणि दोन पावलांतच रुतलो! इथला चिखल खोल, लोण्यासारखा मऊ. शेजारचे हंबीरराव बांधावरून ओरडले, "आक्का, कोळपा हाय का होडीचा नांगर? जाग्यावरनं हलंना की!"

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पूर्णिमानं खाचरातलं पाणी सोडून द्यायला सांगितलं. पाणी गेलं, तसा चिखल कणकेच्या गोळ्यासारखा माझ्या दातांत बसला. चाकं फिरेनात. मग तानूबाईनं तोड काढली. तिनं गुंडू लोहाराकडून माझे दात घासून आखूड करून घेतले. आता मी पळालो खरा, पण तण नुसतंच आडवं झालं आणि दुसऱ्या दिवशी मान वर करून उभं राहिलं. बाजार जवळ आला होता. दोघी बांधावर डोक्याला हात लावून बसल्या.

"माझं चुकलंच, आक्का," पूर्णिमा म्हणाली.

"अगं, माझं तरी कुठं बरोबर आलं? दोघी मिळून चुकलोय, आता दोघी मिळून बघू."

"तिसरा चालंल का?" म्हशी घेऊन निघालेले हंबीरराव थांबले होते. या वेळी ते हसत नव्हते. "मानूस रुततो तिथं म्हस कशी चालती? पाय टाकला की खूर फाकतो तिचा. ह्येची होडी बघा, केवढुशी! फाकवा की तिला."

तिघंही मला घेऊन गुंडूकडं गेले. गुंडूनं जुन्या पिंपाचा पत्रा कापून माझी होडी रुंद केली. पूर्णिमानं दात लांब पण विरळ बसवायला सांगितले, म्हणजे चिखल अडकणार नाही. खाचरात बोटभर पाणी ठेवायचं, हे तानूबाईनं ठरवलं. ठिगळं लागली तशी माझी कारखान्यातली ऐट गेली. मित्रांनो, मी मनातून हिरमुसलो होतो.

पण दुसऱ्या दिवशी मी खाचरात तरंगत निघालो! मागं तण गाडलं जात होतं आणि तानूबाई ताठ उभी राहून चालत होती. बाजाराच्या दिवशी दादासो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला आणि बघतच राहिला. त्यानं पंप बांधावर ठेवला.

"दे हिकडं," तो म्हणाला, "मी बी बघतो."

पुढच्या वर्षी हंबीररावांनी मला मागून नेलं. मग मी वाडीभर फिरलो. जो मला नेई, तो परत आणताना आपल्या शेतात काय घडलं ते सांगे, आणि पुढचा ते ऐकूनच मला हातात घेई. एका पावसाळ्यात मात्र कुणीतरी मला चिखलासकट गोठ्यात टाकून दिलं. मी गंजलो, चाकं फिरेनाशी झाली. तानूबाईनं मला घासून तेल दिलं आणि साऱ्या वाडीला ऐकवलं, "जेवल्यावर आपलं हात धुता, मग ह्येचं दात कोन धुनार?"

मित्रांनो, अवजार वापरलंत की धुवा, तेल लावा, कोरड्या जागी ठेवा. पण जपायचं म्हणून कोपऱ्यात उभं करून ठेवू नका. प्रत्येक रानाची माती निराळी असते, तिच्याजोगतं आम्हाला बदला.

परवा चंदगडहून वर्षाराणी नावाची शेतकरीण मला न्यायला आली. तिनं मला उचलून बघितलं आणि संकोचानं विचारलं, "आमची खाचरं लई बारकी हाईत. वळताना दांडा बांधाला अडंल. थोडा कापला तर चालंल?"

तानूबाईनं स्वतःच्या हातानं मला तिच्याकडं दिलं.

"काप की! पन काय झालं ते सांगायला ये. चुकलं तरी ये."