खेचराला पाडत नाहीत

माझा नवरा चांदसाहेब आष्ट्यातला एकुलता एक नालबंद, आणि हट्टी म्हणाल तर पंचक्रोशीत पहिला. बैल आला की आधी त्याला डोळ्यांत बघायचे, मग पायांत दोरी टाकून असा हिसका द्यायचे की एवढा मोठा खिलारी धप्पदिशी आडवा. मग पाय बांधायचे, खुरं तासायची आणि प्रत्येक खुराला दोन पत्र्या ठोकायच्या, कारण बैलाचं खूर मधे दुभंगलेलं असतं. हे काम एकट्याचं नाही. एक ठोकणारा लागतो आणि एक बैलाच्या मानेवर बसून त्याला गप्प ठेवणारा लागतो. मानेवर आधी माझा दीर रसूल बसायचा. तो पलटणीत गेला आणि ती जागा माझ्याकडे आली. नालबंदाच्या बायकोनं बैलाच्या मानेवर बसावं का, यावर गावानं आठवडाभर तोंड चालवलं. मग पेरण्या आल्या आणि सगळे गप्प झाले, कारण बैल सगळ्यांचेच होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा रसूल सहा वर्षांचा होता, आणि घरात सासू नव्हती. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, ताप आला की रात्ररात्र मांडीवर मी घेतलं. दीर म्हणायचं म्हणून दीर. तो फौजेत खेचरांवर लागला आणि ब्रह्मदेशाच्या डोंगरात गेला, तेव्हा मी दोन दिवस चूल पेटवली नव्हती.

१९४४ सालची थंडी सरता सरता त्याचं पत्र आलं. अनंत मास्तरांनी ओट्यावर बसून वाचून दाखवलं.

"भाई, इथं नाल मारणारा धड न्हाई. खिळा जिवंत मांसात घालत्यात. गेल्या महिन्यात डोंगरात दोन खेचरं बसली. खेचर बसलं की वझं आमच्या पाठीवर. आन् जो मागं ऱ्हातो त्याच्यासाठी कोण थांबत न्हाई."

पुढच्या दोन ओळींवर सरकारनं काळी शाई फासली होती. मास्तर पत्र उन्हात धरून बघत होते, पण चांदसाहेबांचं लक्ष तिकडे नव्हतं.

"मास्तर, खिळ्याचं परत वाचा," ते म्हणाले.

मास्तरांनी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मी तेव्हाच ओळखलं की आता आपलं काही खरं नाही.

चारच दिवसांत बाजारात बातमी आली. सांगलीच्या मैदानावर कुण्या लष्करी ठेकेदाराचा मुकादम येऊन बसलाय, जोतीराम नावाचा. गवंडी, सुतार, नालबंद, जो मिळेल तो घेतोय. वर्षाचा करार, आधी आसाम आणि मग पुढे जिथं लढाई नेईल तिथं. पगार बरा होता म्हणे, पण आमच्या ह्यांनी तो विचारलासुद्धा नाही.

"मी जातो," त्यांनी जेवताना सांगितलं.

"आवं, ब्रह्मदेश म्हंजी आष्ट्याचा बाजार हाय का? तिथं रसूल कुठं घावायचा तुमाला?"

"न्हाई घावला तर न्हाई. कुणाच्या तरी खेचराला नाल नीट बसंल."

"आन् तुमाला काय झालं तर?"

"तर काय? रसूलला झालं तर?"

मी भाकरी जरा जोरात थापली. नवरा एका हाताला आणि लेकरासारखा वाढवलेला दीर दुसऱ्या हाताला, आणि सोडायचा तर कुठला हात, हे देवानं कुणाला विचारू नये.

शनिवारी आम्ही सांगलीला गेलो. मी का गेले? दोरी धरायला. ह्यांचं काम मानेवर बसणाऱ्याशिवाय होत नव्हतं ना. जोतीराम मुकादम खाकी कोट घालून टेबलाशी चहा पीत होता. परीक्षा साधी होती. मैदानात एक खेचर बांधलेलं होतं, त्याला नाल मारून दाखवायचा.

ह्यांनी जागेवरच नाल घडवला. खेचराचं खूर अखंड असतं, नाल एकच. पण तो असा बेतशीर उतरला की जोतीरामानं हातात घेऊन दोनदा उलटापालटा केला.

"झकास. ठोक आता."

चांदसाहेबांनी खेचराला डोळ्यांत बघितलं आणि पायांत दोरी टाकली.

मला पुढचं दिसलं. मी सांगलीच्या टांगेवाल्याची लेक. अब्बांच्या दोन घोड्यांना माझ्या डोळ्यांदेखत शंभरदा नाल बसले असतील. घोडं किंवा खेचर कधी पाडत नाहीत. त्याला उभ्यानं नाल मारतात, पाय मांडीवर घेऊन. पण आष्ट्यात घोडी कुठली? ज्याच्याकडे होतं तो सांगलीला नेई. ह्यांच्या बापानं बैल पाडले, आज्यानं बैल पाडले. नाल म्हटलं की जनावर आधी आडवं, एवढंच ह्यांना ठाऊक. मी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

हिसका बसला आणि खेचर उधळलं. ह्यांना तसंच फरपटत घेऊन ते मैदानातून निघालं आणि थेट मुकादमाच्या टेबलावर गेलं. चहा, दौत, कागद, सगळं आडवं झालं. उभं राहिलं ते फक्त खेचर. माणसं पोट धरून हसत होती.

"नाल चांगला हाय गड्या, पर जनावर तुझ्यापरास शहाणं हाय," जोतीराम कोट झटकत म्हणाला. "पुढच्या शनवारी परत ये. तवाबी असंच केलंस तर घरी बस. आन् तिकडं काय बायकूला दोरी धरायला नेणार हायस व्हय?"

परतीच्या बैलगाडीत मी त्यांच्या खरचटलेल्या कोपरांना हळद लावत होते आणि मनातून खूश होते. सांगायला लाज वाटते, पण होते. मला भांडायला नको होतं, रडायला नको होतं. फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसले की ते पुढच्या शनिवारीही दोरीच टाकणार, आणि माझा नवरा माझ्या घरात राहणार.

पण हट्टी माणसाचं डोकं बंद नसतं. दुसऱ्या दिवशी ओसरीवर दोरीचा फास लहान करता करता त्यांनी विचारलं,

"हुसेनबी, तू टांगेवाल्याची. तुझ्या बापाच्या घोड्याला नालबंद कसं पाडायचा गं?"

माझ्या हातातलं सूप थांबलं.

"असंच," मी म्हणाले. "दोरीनं."

"मागल्या पायाला आधी टाकायचा का पुढल्या?"

"मागल्या."

ते मान डोलावून परत फास बांधायला लागले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मी त्यांच्याशी भांडले होते, अबोला धरला होता, एकदा तर माहेरी निघून गेले होते. खोटं कधी बोलले नव्हते. आणि बोलले ते असलं की त्याच्या जिवावर ते मागचा पाय धरायला जाणार होते. 

सोमवारी केरबा आपला तांबडा बैल घेऊन आला. जोडीतला दुसरा बैल शनिवारनंतर आणतो म्हणाला. बैल पाडला, मी मानेवर बसले. बैलाचा कान माझ्या गुडघ्याशी होता. रसूल लहान असताना इथंच बसायचा. वजन ते काय त्याचं, बैलानं मान झटकली असती तर ओढ्यापर्यंत उडाला असता. पण तो बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटायचा आणि बैल पडून राहायचा. मी विचारायची, काय सांगतोस रे त्याला? तर म्हणायचा, "भाई हाय, दुखणार न्हाई, असं सांगतो."

भाई आहे, दुखणार नाही. मला एकदम रडू फुटलं.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं. तोंडात खिळे होते.

"घोड्याला पाडत न्हाईत," मी म्हणाले. "खेचरालाबी न्हाई. उभ्यानं मारत्यात नाल. मला ठावं होतं. तुमी जाऊ नये म्हून खोटं बोलले."

केरबा कधी माझ्याकडे बघे, कधी ह्यांच्याकडे. चांदसाहेबांनी उरलेले चारही खिळे ठोकले, वाकवले, कानस फिरवली, पाय सोडले. बैल उठून उभा राहिला.  मला वाटलं, आज हातोडी माझ्या डोक्यात.

"मग आज का सांगितलंस?"

"रसूलसाठी. आन् जायचंच तर डोकं फुटून जाऊ नका."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शिकव."

आष्ट्यात घोडं नव्हतं, पण गाढव होतं. गुंडा कुंभाराचं. खेचराचं आणि त्याचं काहीतरी नातं लागतंच. मी ते चार दिवस मागून आणलं आणि आमच्या दारात गावाची फुकट करमणूक सुरू झाली. चाळीस वर्षांचा नालबंद गाढवाचा पाय मांडीवर घेतोय आणि पदर खोचलेली बायको त्याच्यावर ओरडतेय. खिळा मारायचा नव्हताच, फक्त जनावर उभं ठेवायला शिकायचं होतं.

"खांद्यावर हात ठेवा. आता मान, आता पाय. वढू नका! टेकून उभं ऱ्हावा, ते आपसूक पाय उचलंल."

"लाथ मारतंय."

"तुमी लांब ऱ्हाताय म्हून. मागनं जायचं तर अंगाला चिकटून जायाचं, पाठीवर हात ठेवून. ह्या बाजूनं त्या बाजूला जाईस्तोवर हात उचलायचा न्हाई. हात उचलला की जनावराला वाटतं, माणूस गेलं. मग ते बिथरतं."

हात उचलायचा नाही, हे मी त्या चार दिवसांत हजारदा म्हणाले असेन. त्यांना दोन लाथा बसल्या, एक मांडीला आणि एक जिथं सांगू नये तिथं. तिसऱ्या दिवशी गाढव उभ्या उभ्या पेंगायला लागलं.

त्या दिवसांत आमच्या भागात इंग्रजाच्या कामाला जाणाऱ्याकडे लोक वाकडं बघत. केरबा दारात येऊन म्हणालाच, "चांदसाब, इंग्रजाच्या खेचरांस्नी नाल मारायला चाललास?"

"इंग्रजाच्या न्हाई रं," हे गाढवाच्या पोटाखालून म्हणाले. "रसूलच्या."

केरबा आल्या वाटेनं परत गेला.

शनिवारी त्याच मैदानात तेच खेचर. ह्यांनी दोरी आणलीच नव्हती. खांद्यावर हात ठेवला, कानात काहीतरी पुटपुटले, पाय मांडीवर घेतला. चारही नाल बसले तरी खेचरानं शेपूट हलवण्यापलीकडे काही केलं नाही. जोतीरामानं करार पुढं केला.

लॉरी त्याच दुपारी सुटणार होती. मैदानात शे-दीडशे माणसं, बायका, रडारड. आम्ही दोघं एका लिंबाखाली उभे होतो. खेचराचं सामान ह्यांनी पोत्यात बांधलं होतं. बैलाची हातोडी आणि पत्र्या तेवढ्या घरीच ठेवल्या होत्या. ते कुणासाठी, हे ज्याचं त्याला कळलं होतं.

लॉरीचा भोंगा वाजला. पोतं माझ्या पलीकडच्या बाजूला पडलं होतं. चांदसाहेबांनी कधी चारचौघांत माझ्या पदरालाही हात लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी दीडशे माणसांसमोर माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तसाच पाठीवरून सरकवत ते माझ्या मागून गेले, अगदी चिकटून, आणि उजव्या खांद्याशी आले. दुसऱ्या हातानं पोतं उचललं. पहिला हात होता तिथंच होता.

"उचलू का आता?" त्यांनी विचारलं.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला हसूही येत होतं.

"उचला," मी म्हणाले.

मी काही खेचर नव्हे. पण हात उचलल्यावर जनावराला जे वाटतं ते मला वाटलं, पुरतं वाटलं. तरी मी बिथरले नाही. लॉरी रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत जागची हलले नाही. मग डोळे पुसले आणि आष्ट्याची बैलगाडी गाठली. सोमवारी केरबाचा दुसरा बैल यायचा होता. ठोकणारी मी होते, आता मानेवर बसायला कुणीतरी बघायला हवं होतं.